जुन्या सुताचा काठ

हिंगणी,
१८ नोव्हेंबर १९५७

प्रिय अन्नपूर्णा,

दिवाळी होऊन गेली, तुझ्याकडचा चिवडाही संपला असेल, तरी तुझं पत्र नाही. म्हणून मीच बसले. बसले म्हणजे काय, पाठ टेकली आहे आणि मांडीवर पाट घेऊन लिहिते आहे.

काल वर्ध्याच्या खादी कार्यालयातून प्रभाकरराव आले होते. सगळ्या कातणाऱ्या बायांना केंद्रावर बोलावलं आणि सांगितलं की संक्रांतीच्या सुमारास अंबर चरखे येतील. सूत गुंडाळणाऱ्या एका चातीच्या जागी चार चात्या, एकदा दांडा फिरवला की चार सुतं एकदम. ते आले की जुने चरखे कार्यालयात जमा करायचे. होळीनंतर जुन्या चरख्यावरचं सूत कार्यालय घेणार नाही. केंद्र मी चालवते, म्हणून बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी प्रभाकररावांच्या.

तुला आठवतं, आपण पवनारला नदीच्या घाटावर बसून तकली शिकलो. तिच्यावर हात बसतो न बसतो तो पेटीचरखा आला. मग कुणी म्हणालं, पेटीचरखा शहरातल्या माणसांचा, खेड्याला किसान चरखा बरा. मध्येच एक वर्ष धनुष तकलीचं गेलं, ती आता कुणाच्या माळ्यावर आहे देव जाणे. दर वेळी वरून सांगत, आता हे शेवटचं. दर वेळी मी ते बायांना सांगितलं, बायांनी ऐकलं, हात मोडून पुन्हा घडवला. आता तेच वाक्य मी कोणत्या तोंडानं बोलू? मला नव्याची भीती नाही गं, कंटाळा आला आहे.

आमचा विणकर चंद्रभान तुला माहीत आहे. गेल्या वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. मी त्याला म्हटलं, "एवढं मोठं तू एका दिवसात बदललंस, मग या नव्या सुताचा कसला विचार करतोस?" तर म्हणाला, "तिथं मले पक्कं मालूम होतं मी काय सोडून राह्यलो ते. हे नवं सूत तं मी अजून हातात बी घेतलं नाई. मंग कसा सांगू?" मला त्याचं पटलं.

माझा खरा घोर तानाबाईचा आहे. सत्तरीची बाई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरी कुणी नाही, चूल पेटते ती सुतावर. ती बोटांनी कातते. धागा तुटला तर बोटालाच कळतं. चार चात्यांपैकी कोणत्या चातीवरचा धागा तुटला, हे तिला कसं कळणार?

तू तीन महिने ते शिकून आलीस आणि तुमच्या समुद्रपूरला अंबर फिरायलाही लागले. मला कार्यालयाचं सांगू नकोस, तुझं सांग. तू म्हणशील तसं मी करीन.

तुझी,
देवका


समुद्रपूर,
२ डिसेंबर १९५७

प्रिय देवका,

तुझं पत्र वाचून मला वाटलं, हिंगणीत चरखा नव्हे, जंगलातून वाघच उतरतो आहे. लाकडाचं यंत्र आहे बाई, चावत नाही.

उशीर झाला याबद्दल रागावू नकोस. इथे मी कताई शिकवणारी, मीच सुतारीण आणि मीच झाडणारी आहे. पण तू विचारलंस म्हणून सांगते. अंबरचं सूत चांगलं निघतं. पीळ घट्ट बसतो. मागावर तुटत नाही. आपलं जुनं सूत तुटतं म्हणून विणकर वैतागतात आणि गिरणीचं सूत धरतात, हे तूच मला हजारदा सांगितलं आहेस. विणकर गेला तर आपण कातून काय करणार, देवघरात वाती लावणार?

कष्ट आहेत, नाही म्हणत नाही. कापूस फार स्वच्छ लागतो. आधी बेलणीच्या रुळांवर त्याची पट्टी काढावी लागते, ती सारखी आली नाही तर पुढे सगळं बिघडतं. पहिला महिना हात दुखतात. मग बसतं.

आणि तानाबाईचं मनातून काढून टाक. आमची सीताबाई तिच्याच वयाची, डोळ्यांनी तशीच अधू. परवा ती अंबरवर बसली होती आणि चारही चात्या फिरत होत्या. वर्ध्याचे साहेब बघत उभे राहिले. सीताबाईला जमलं तर तानाबाईला का जमू नये?

माझं ऐक, सगळ्यांच्या आधी हो म्हण. आधी मागणाऱ्याला यंत्रं चांगली येतात, मागाहून उरलीसुरली मिळतात. मग दोघी मिळून वाद घालू कार्यालयाशी, जसा पूर्वी घालायचो. मला एकटीला आता तेवढा दम राहिला नाही.

तुझ्या लेकीचं, कोकिळेचं, लग्न ठरलं का? कळव.

तुझी,
अन्नपूर्णा


हिंगणी,
६ फेब्रुवारी १९५८

प्रिय अन्नपूर्णा,

तुझ्या शब्दावर मी हो म्हटलं. संक्रांत झाली आणि दोन बैलगाड्यांतून आठ अंबर आले. त्याच गाड्यांतून आमचे जुने चरखे परत गेले. प्रभाकरराव म्हणाले, होळीपर्यंत ठेवले तर बाया दोन्हींवर पाय ठेवून बसतील, नवं कुणी शिकणार नाही. मी तानाबाईचा चरखा स्वतः उचलून गाडीत ठेवला. ती म्हणाली, "देवका, तू म्हणतेस ना, मंग ने."

पहिले पंधरा दिवस कसे गेले विचारू नकोस. दोन यंत्रांची दात्यांची चाकं फुगून अडकली. दाबाच्या रुळांवरचं कातडं एका ठिकाणी सुटलं. रुख्माबाई एरवी पोर मांडीवर घेऊन कातायची. एका हातात चाक, एका हातात कापसाचा पेळू, आणि पोर मध्ये झोपलेलं. ती म्हणते, "बाई, हे यंत्र मले पोर घेऊ देत नाई, बोलू देत नाई, मान वर करू देत नाई. मी याले चालवून राह्यली का हे मले?" बाया हसल्या. खूप दिवसांनी हसल्या म्हणून मीही हसले.

पण खरं तेही लिहिते. त्याच रुख्माबाईचं सूत आता आमच्यात सगळ्यांत चांगलं निघतं. चंद्रभाननं सुताची गुंडी ओढून पाहिली, दातानं धरून पाहिली आणि म्हणाला, "हे चालते." त्याच्याकडून एवढं पुष्कळ झालं.

तानाबाईला जमत नाही. मी रोज शेजारी बसते. दांडा फिरवला की चार सुतं धावतात, एक तुटतं, तिला कळेपर्यंत कापसाचा गोळा रुळांत अडकतो. मग ती हात मागे घेते. आता ती यंत्रावर बसतच नाही. पण केंद्रावर येते. सकाळी येऊन आपल्या जुन्या जागेवर भिंतीला टेकून बसते, दुपारी उठून जाते. बोटं मात्र मांडीवर चालूच असतात. बाया आपापल्या घरून तिला भाकर आणतात, ती घेते. पण पूर्वी ती कुणाचं घेत नव्हती.

म्हणून मला सीताबाईचं नीट सांग. सूत तुटलेली चात ती कशी ओळखते? आवाजानं? की मध्ये कुणी बसतं? जे काही असेल ते सविस्तर लिही. मी तसंच करून बघीन.

कोकिळेचं वैशाखात ठरलं. मुलगा सेलूकडचा, तलाठ्याच्या हाताखाली आहे. आमच्या केंद्राची रीत तुला ठाऊक आहे: केंद्रातली मुलगी सासरी जाताना जे लुगडं नेसते, त्याला केंद्रातल्या प्रत्येक बाईची एक गुंडी, आणि सगळ्यांत थोरलीचं सूत काठाला. तानाबाईनं कोकिळेसाठी काठाचं सूत दिवाळीआधीच कातून लाल रंगवून ठेवलं आहे. तेवढं जुनं आमच्याकडे उरलं आहे.

तुझी,
देवका


समुद्रपूर,
१६ फेब्रुवारी १९५८

प्रिय देवका,

कोकिळेचं ऐकून आनंद झाला. पोरगी परकर सावरत आपल्यामागे घाटावर यायची, तिचं आता लग्न.

चाकं फुगली तर उन्हात ठेवू नका, तडकतात. सावलीत वाळवा आणि दात्यांना मेण लावा. कातडं सुटलं तर चिंचोक्याची खळ लावून सुतळीनं रात्रभर बांधून ठेवा.

सीताबाईचं काय सांगू? सवयीनं होतं. प्रत्येकीचं वेगळं असतं.

एक बोलू? तू पहिल्यापासून तानाबाई तानाबाई करते आहेस. मला वाटतं, अंबर तुलाच नको आहे आणि तू तिच्या आडून बोलते आहेस. वीस वर्षं तू सगळ्यांत बारीक सूत काढणारी होतीस. आता रुख्माबाईचं चांगलं निघतं. हे जड जातं, मला कळतं. पण तसं असेल तर तसं म्हण.

लग्नाला यायचं बघते. इथलं काम सोडवत नाही.

तुझी,
अन्नपूर्णा


हिंगणी,
३० मार्च १९५८

प्रिय अन्नपूर्णा,

तुझं पत्र मला लागलं. चार दिवस उत्तर लिहिलं नाही, मग होळी आली, मग लुगड्याची गडबड. आता शांत झाले आहे, म्हणून लिहिते.

आधी लुगड्याचं. चंद्रभाननं मला आधीच सांगितलं होतं, "बाई, नवं सूत घट्ट पिळाचं, जुनं ढिलं. दोन्ही एका ताण्यात नका घालू. नवं उभ्या ताण्यात घाला, जुनं आडव्या बाण्यात. मंग दोघंबी सुखानं राह्यतात." मी ऐकलं नाही. म्हटलं, काठ थोरलीचा असतो, तो ताण्यातच असतो, तानाबाईचं सूत आडवं घालून मी तिला मागे ढकलणार नाही. तो मान हलवून म्हणाला, "तुम्ही म्हणता तं करतो." आणि केलं. मागावर लुगडं सुरेख दिसलं. खळ काढायला धुतलं, दोरीवर घातलं, आणि वाळता वाळता मधलं अंग आखडलं. काठ आखडला नाही. तो आता दोन्हीकडून पापडाच्या कडेसारखा वरखाली झाला आहे. तो हातानं ओढून सरळ होत नाही. कोकिळेनं घडी घालून ते पेटीत ठेवलं.

तानाबाईनं काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे माह्यं सूत हाय ना? बाजूले उरलं वाटते." तेव्हा मी ठरवलं की समुद्रपूरला जायचं आणि सीताबाईला डोळ्यांनी बघून यायचं.

गेल्या मंगळवारी आले होते. हिंगणीहून सेलूपर्यंत गाडी, तिथून वर्धा, वर्ध्याहून हिंगणघाट, आणि तिथून तुमची मोटार. अंगाचा भुगा झाला. तुझ्या केंद्राला कुलूप होतं. शेजारच्या कमलाबाईंनी किल्ली काढून दिली, पाणी दिलं. आत यंत्रं गोणपाटाखाली ओळीनं झाकून ठेवली होती. एकावरचं गोणपाट मी उचललं, चाकाला निम्मे दाते नव्हते.

मी सीताबाईचं घर विचारलं. कमलाबाई म्हणाल्या, "सीताबाई? ते तं कवाचीच पोरीकडे गेली. तिले कुठं दिसे? सायेब आलते त्या दिवशी बसवलं होतं तिले. अन्नपूर्णाबाई मागून हात धरून होत्या. बाकीच्या बाया कापूस वेचाले जाऊन राह्यल्या. करतील काय?" तू कुठे आहेस विचारलं, तर म्हणाल्या, "वर्ध्याले गेल्या चाकं मागाले. दर आठवड्याले जातात बिचाऱ्या, रिकाम्या हातानं येतात."

म्हणजे वर्ध्याच्या स्टँडवर आपण दोघी एकाच वेळी असू. एकमेकींना दिसलो नाही.

मी तिथे थोडा वेळ बसले. तुझा राग यायला हवा होता, आला नाही. मला फक्त एवढं सांग, तू मला का लिहिलं नाहीस? मी तुझ्या शब्दावर त्या बाईचा चरखा गाडीत ठेवला.

देवका


समुद्रपूर,
१३ एप्रिल १९५८

प्रिय देवका,

कमलाबाईंनी सांगितलं की हिंगणीची बाई आली होती, गोणपाट पुन्हा नीट घालून गेली. तेव्हापासून मी तुझ्या पत्राची वाट बघत होते आणि यायला नको असंही वाटत होतं.

मी खोटं लिहिलं नव्हतं, पुरतं लिहिलं नाही. त्या दिवशी चारही चात्या खरंच फिरत होत्या. सीताबाईचे हात माझ्या हातात होते. ती हसत होती आणि मला वाटलं, येत्या महिन्यात हे तिचं तिला जमेल. दोनच दिवसांनी तुला पत्र लिहिलं. तिला जमलं नाही. पौषात ती गेली, तिच्यामागून एकेक करून बाया गेल्या. यंत्र वाईट नाही गं. मोडलं तर ते दुरुस्त करायला माणूस नाही आणि सुटा भाग वर्ध्याला पोचतच नाही. तीन महिन्यांत मी जेवढं शिकले तेवढ्यानं मी एकेका यंत्राचे दाते काढून दुसऱ्याला लावले, आणि शेवटी लावायला यंत्रच उरलं नाही.

तुला का लिहिलं नाही? मी या रस्त्यावर एकटी होते आणि तू आलीस तर मला सोबत झाली असती. दोघी चुकलो तर चूक एवढी मोठी वाटली नसती. फेब्रुवारीत तुला टोचून लिहिलं, तेही त्याच भीतीनं. तुझं सूत बारीकच आहे, अजूनही.

आता दुसरं. माझा पेटीचरखा मी जमा केला नव्हता. कार्यालयाला सांगितलं, वाळवीनं खाल्ला. पलंगाखाली होता. समुद्रपूरभर सांगत फिरले की जुनं सोडा, आणि पहाटे केंद्र उघडायच्या आधी दार लावून त्याच्यावर थोडं कातत होते. त्याशिवाय दिवस सुरू होत नव्हता.

तो आमच्या मोटारीच्या लहानू कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. पुढच्या मोटारींच्या माणसांना तो सांगून ठेवणार आहे. चाकावरची दोरीची माळ नवी घातली आहे, चात सरळ आहे. तानाबाईला दे. तिला अन्नपूर्णेनं दिला असं सांगू नकोस, कुणीतरी दिला म्हण.

लग्नाला मी येत नाही. कोकिळेला माझा आशीर्वाद सांग.

अन्नपूर्णा


हिंगणी,
११ मे १९५८

प्रिय अन्नपूर्णा,

चरखा पोचला. कोपरा थोडा खरचटला आहे, बाकी धड आहे. लग्न झालं. कोकिळा तेच लुगडं नेसून सासरी गेली. मी म्हटलं होतं, दुसरं नेस, लोक काठ बघतील. ती म्हणाली, "बघू दे. या काठाले हात लावला का तानाआजी आठवते." मग मी पदर सारखा करून दिला आणि आत जाऊन रडून घेतलं.

आता तानाबाईचं. तिचा किसान चरखा उंच चाकाचा होता, तुझा पेटीतला. पहिले काही दिवस तिचा हात हवेतच फिरत होता, चाक सापडायचं नाही. नवीन शिकणं तिलाही सुटलं नाही म्हणायचं. आता बसली आहे. कार्यालय तिचं सूत घेणार नाही, ते मी प्रभाकररावांना विचारून पाहिलं. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांचं वरचे ऐकत नाहीत. मग बायांनीच ठरवलं. यापुढे केंद्रातल्या पोरींच्या लुगड्याचं बाण्याचं सगळं सूत तानाबाईचं, ताण्याचं अंबरवरचं. त्याच्या बदल्यात प्रत्येक घरानं तिला ज्वारी द्यायची. भाकर तयार नाही द्यायची, ज्वारी द्यायची, ती दळून आपली आपण करील. हे तिनंच घालून दिलं. चंद्रभान म्हणाला, "मी पहिलेच सांगत होतो." मी म्हटलं, होय बाबा, सांगत होतास.

तू सांगितलं होतंस तसं मी तिला म्हटलं, कुणीतरी चरखा दिला. काल ती कातता कातता थांबली आणि पेटीच्या आतल्या लाकडावर अंगठा ठेवला. तिथे हात टेकून टेकून खळगा पडला आहे, तुला माहीत असेल. म्हणाली, "हे कोनाच्या तरी रोजच्या हातातलं हाय. देवका, ते बाई आता कायच्यावर कातते?"

 तुझ्या केंद्रातली गोणपाटाखाली झाकलेली यंत्रांची ओळ डोळ्यांपुढे आली.

अन्नपूर्णा, माझ्या आठ अंबरांपैकी तीन बंद आहेत. मेण लावून झालं, चिंचोक्याची खळ लावून झाली. ज्याला हे यंत्र उघडता येतं असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे आणि ते समुद्रपूरला कुलूप लावून वर्ध्याच्या फेऱ्या मारतं आहे. तुझ्याकडच्या मोडक्यांतले जे काही दाते धड असतील ते गोणपाटात बांध आणि ये. राहायला माझं घर आहे, कोकिळेची खोली रिकामी आहे आणि मला ती रिकामी बघवत नाही. मी तुला माफ वगैरे केलेलं नाही, त्यावर आपण सावकाश भांडू.

तानाबाईला मी शेवटी सांगितलं की ती बाई इकडेच येणार आहे. तुला न विचारता सांगितलं. आज सकाळी मी केंद्र उघडलं तर ती माझ्या आधी येऊन बसली होती. भिंतीकडे थोडी सरकली होती, आणि आपल्या बाजूची जागा तिनं झाडून ठेवली होती.

तुझी,
देवका